पाव इंचाची खोबण

यशवंतरावांनी डबा हातात ठेवला तेव्हा हिंदुराव किंचित खाली झुकला. वाटला होता त्यापेक्षा डबा जड निघाला, एवढंच. पण ते झुकणं यशवंतरावांनी पाहिलं, आणि त्यांनी पाहिलं हे हिंदुरावाला कळलं, आणि त्याच्या कपाळात तिडीक गेली. सागाचा अख्खा वासा एकट्यानं खांद्यावर घेणारा सत्तेचाळीस वर्षांचा सुतार बिस्किटाच्या डब्याएवढ्या पत्र्यानं वाकतो म्हणजे काय! "सोमवारपासून खोबणीचं यंत्र, तो राउटर, तुमच्याकडे," यशवंतराव म्हणाले. "सोपानचं नाव सोमवारी सकाळी कमी करतोय. पात्याची चक नीट आवळली नाही त्यानं, म्हणून पातं सरकलं. दुसरं काय असणार? की तुम्हाला काही वेगळं वाटतं?" हिंदुराव म्हणाला, "न्हाई साहेब." हे इतकं चटकन तोंडातून गेलं की त्याचं त्यालाच दचकायला झालं. यशवंतरावांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्या टोकाकडे पाहिलं, पुन्हा कानावर ठेवली आणि ते गेले. शनिवारचा अर्ध्या दिवसाचा भोंगा झाला होता. माणसं बाहेर पडत होती.

ह्या माणसानं त्या पेन्सिलीनं एक सरळ रेघ मारलेली हिंदुरावानं चार वर्षांत पाहिली नव्हती. पुण्याच्या कुठल्याशा शाळेतून कागद घेऊन आलेला आणि शेडचा साहेब झालेला. सागाला साग आणि शिसवाला शिसव म्हणेल, पण फळीवरून तळवा फिरवून तिचे रेषे कुठल्या अंगाला उठतील ते सांग म्हटलं तर पुस्तक शोधायला जाईल. सगळा कारखानाच तसला. चिंचवडला रेल्वेच्या रुळांना लागून पत्र्याची लांबलचक शेड, पन्नास-पंचावन्न माणसं, आणि करायचं काय तर रेडिओच्या पेट्या. गाणी ठेवायला पेटारे! हिंदुरावानं कोरेगावकडच्या आपल्या गावात देव्हारे केले होते, बैलगाड्या केल्या होत्या, एका इनामदाराच्या घरची नक्षीची चौकट केली होती. आणि इथं पॉलिशवाले कोकणातले, करवतीवरचे मराठवाड्यातले, रंधा धरतात तो केरसुणी धरल्यासारखा. दुपारच्या सुट्टीत सगळे गोल करून बसणार आणि एका तोंडानं ओव्हरटाइमवर बोलणार. हिंदुराव त्यांच्यात कधी बसला नाही. तो लाकडाच्या थप्पीवर एकटा बसून भाकरी खाई आणि तिथून त्यांच्याकडे बघे. त्यांना वाटे, हा म्हातारा होत चाललाय. त्याला वाटे, ह्यांना हातच नाहीत.

त्यानं डबा उघडला. आत लाकडी ठोकळ्यात बारा भोकं आणि अकरा भोकांत उभी केलेली पोलादी पाती. कुणी बिट म्हणत, कुणी पातं. खाली गोल दांडी, वर सरळ उभी धार. राउटरच्या वरच्या डोक्यात चक असे, तिच्यात ही दांडी धरायची, मोटर सुरू करायची की पातं डोळ्यांना दिसेनासं होईपर्यंत फिरे आणि खालून सरकवलेल्या फळीत सरळ खोबण पाडत जाई. पेटीच्या बाजूच्या फळ्यांत पाव इंचाची खोबण पाडायची, मागचं प्लायवूड तिच्यात सरकवून बसवायचं. बारावं भोक रिकामं होतं. तिथलं पाव इंचाचं पातं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुटलं. तसलंच आणखी एक शिल्लक होतं, नवं यायचं तर विलायतेहून सहा महिन्यांनी. हिंदुरावानं ते शिल्लक पातं दांडीला धरून वर काढलं आणि त्याची चिमूट सटकली. दांडी तेलकट होती. बोटाकडे पाहिलं तर बोट लाल. त्यानं एकेक करून सगळी पाती वर काढली. अकराच्या अकरा दांड्यांवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं लाल कडं जसंच्या तसं होतं. आठ दिवस हा डबा यशवंतरावांच्या टेबलावर पडला होता. चौकशी चालली होती म्हणे, आणि तोवर सोपानला घरी बसवलं होतं.

ते कुंकू हिंदुरावानंच लावलं होतं.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत ह्या शेडमधली प्रत्येक खोबण त्याच्या हातची होती. बापाचा खोबणीचा रंधा घेऊन तो फळीवर वाके, आणि पहिली लांब साल वळून मनगटावर पडली की बाकीचं जग नाहीसं होई. एका फळीला पंधरा मिनिटं लागत. मग एक दिवस मोठ्या खोक्यातून राउटर आला आणि त्यानं तीच खोबण हिंदुरावाचा श्वास आत घेऊन बाहेर पडेपर्यंत पाडून दाखवली. खोबणीच्या कडा पाहून हिंदुरावानं नाक मुरडलं. नाक मुरडण्यासारखं तिथं काही नव्हतं, कडा स्वच्छ होत्या. मोटरच्या आवाजाला सुतार बिचकत होते म्हणून यशवंतरावांनी यंत्र कुणाला द्यावं, तर सोपानला. चाकणजवळच्या महाळुंग्याचा शेतकरी गडी, थप्प्या रचायला ठेवलेला! ज्याच्या घराण्यात कुणी वाकस हातात धरलं नव्हतं, तो लाकडाच्या छातीवर यंत्र चालवणार. आणि हिंदुरावाला सरसाच्या भांड्यापाशी बसवलं. सांधे चिकटवायचे, शिकंजे आवळायचे, सुकायची वाट बघायची. तोंडावर हिंदुराव सोपानला सोपानराव म्हणे, त्या 'राव'ला असा काही हेल काढून की करवतीवरची पोरं हसत. मनात सोपान्या म्हणे. सोपान मात्र त्याला मिस्त्री म्हणायचा, सरळ, आणि ते ऐकून हिंदुरावाला आणखी राग यायचा.

त्या रागाला मूळ होतं. बापाबरोबर खळ्यावर गेलेला तो दहा-बारा वर्षांचा असताना. वर्षभर नांगर भरून दिले, कुळवाला दिंडं बसवली, औतं नीट केली, त्या बलुत्याचं धान्य न्यायला बाप पांघरूण घेऊन खळ्याच्या कडेला उभा राही. आत यायचं नाही. पाटलाची राशीची पूजा आटपेपर्यंत, पाहुण्यांचं पानसुपारी होईपर्यंत उन्हात उभं राहायचं, आणि मग कुणीतरी म्हणणार, "अरं, सुतार हुबा हाय का अजून?" तो 'अजून' शब्द हिंदुरावाच्या कानात पस्तीस वर्षं होता. बाप हसून मान हलवायचा. बापाचं ते हसू त्याला शेतकऱ्यांपेक्षाही जास्त खुपे. ज्याच्या हाताशिवाय त्यांची पेरणीची तिफण रानात जात नव्हती, तो मनुष्य ओशाळं हसतो! तेव्हापासून हिंदुरावानं ठरवून टाकलं होतं की आपण कुणाकडे बघून असं हसायचं नाही. आणि माणसानं हसायचं नाही म्हटलं की बाकी काय उरतं? तुच्छ लेखणं उरतं. त्यात तो तरबेज झाला. बायकोच्या आमटीपासून सरकारच्या धरणापर्यंत कशातही त्याला खोट दिसे, आणि बहुतेक वेळा ती तिथं असे.

सोपानमध्ये खोट शोधायला तो राउटरभोवती घुटमळायचा. हा माणूस करतो काय? एकधारी पातं, दोनधारी पातं, आखूड, लांब, जाड दांडीचं, बारीक दांडीचं, सगळी ओळीनं मांडून बसतो, आणि खोबण पाडायच्या आधी फळीकडे आणि पात्याकडे आळीपाळीनं बघत राहतो, एखाद्या बैलाचे दात बघावेत तसा. एकदा पातं बोथट झालं तेव्हा हिंदुरावानं ते त्याच्या हातातून जवळजवळ हिसकून घेतलं. "धार लावनं सुताराला शिकवू नका, सोपानराव." त्यानं ते सहाणेवर बाहेरच्या अंगानं असं घासलं की मनगटावरचा केस कापावा. दुपारी त्या पात्यानं पाडलेल्या सोळा फळ्यांत प्लायवूड शिरेना. बाहेरून घासलं की पातं बारीक होतं, पाव इंचाचं पाव इंच राहत नाही. धार लावायची ती आतल्या सपाट अंगाला. हे हिंदुरावाला दुपारी कळलं. सोपाननं यशवंतरावांना काही सांगितलं नाही. त्या सोळा फळ्यांच्या खोबणी त्यानं दुसऱ्या पात्यानं केसभर रुंद करून घेतल्या, सुट्टीत, भाकरी न खाता. थप्पीवर बसून हिंदुराव ते बघत होता आणि मनात म्हणत होता, लबाड. उपकार करतोय. शेतकऱ्याची जात, कधीतरी वसूल करील.

आणि ऑगस्टात कधीतरी, बाहेर चिखल होता आणि शेडमध्ये ओल्या भुशाचा वास कोंडला होता, तेव्हा हिंदुराव सरसाचे हात घेऊन राउटरपाशी आला होता आणि त्यानं टेबलावरचं एक पातं उचललं होतं. सोपान घाईनं म्हणाला होता, "मिस्त्री, दांडीला न्हाई बरं का. त्याल, सरस, कायबी लागलं की चक कितीबी आवळा, पकड सुटती. पातं फिरता फिरता खाली सरकतं." "बरं बरं," हिंदुराव म्हणाला होता आणि पातं खाली टाकलं होतं. हे त्याला आत्ता, डबा मांडीवर घेऊन, नीट आठवत होतं. सोपानच्या मिशीवरचा भुसासुद्धा आठवत होता. प्रश्न असा होता की खंडेनवमीला आठवत होतं का.

खंडेनवमीला शेडमधल्या हत्यारांची पूजा हिंदुराव करी. वयानं मोठा आणि जातीनं सुतार, तेवढा मान यशवंतरावांनी ठेवला होता. घरून बायकोनं, सुभद्राबाईनं, दिलेलं हळदीकुंकू, वाटीत गोडं तेल, झेंडूची फुलं, नारळ. सगळ्यांनी आपापली हत्यारं मांडली. करवती, रंधे, पटाश्या, गिरमिटं. सोपाननं राउटरची बारा पाती रॉकेलनं धुऊन, लखलखीत पुसून एका पांढऱ्या फडक्यावर मांडली होती. हिंदुरावानं आधी बापाच्या रंध्याला कुंकू लावलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोला. मग ताट घेऊन तो त्या फडक्यापाशी आला. "ह्यास्नीबी लावू," तो मोठ्यानं म्हणाला, "हीबी आता हत्यारंच म्हनायची." पोरं हसली. कोरडं कुंकू गुळगुळीत पोलादावर टिकेना, म्हणून त्यानं ते तेलात कालवलं. धारेला बोट लावलं तर कापेल म्हणून दांडीला लावलं. असं तो आठ दिवस स्वतःला सांगत होता. ठोकळ्याला लावलं असतं तरी चाललं असतं, फडक्याला लावलं असतं तरी देव रागावला नसता. त्यानं मात्र दांडीभोवती बोट पुरतं फिरवलं, बाराही वेळा, सावकाश. पहिल्या दांडीला सोपाननं बोलायला तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं. ते मिटलेलं तोंड हिंदुरावानं पाहिलं, आणि त्याला बरं वाटलं. बोट विसरलं होतं का डोकं विसरलं होतं, का दोघंही विसरली नव्हती? आपल्याला बरं का वाटलं, ह्याचा विचार त्यानं तेव्हा केला नाही. नंतर ताटातली साखर तोंडात टाकली.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोपाननं पातं चकीत घातलं, खोबणीची खोली बांधली, आणि अर्ध्या इंचाच्या फळ्यांत खोबण पाडायला लागला. आठ फळ्या गेल्या. प्रत्येक खोबण आधीच्यापेक्षा थोडी खोल, पण झालेली फळी लगेच पालथी थप्पीवर जायची, कोण बघतो? नवव्या फळीला पातं आरपार गेलं, खालच्या लोखंडाला भिडलं आणि जो आवाज झाला तो ऐकून पॉलिशवालेसुद्धा बाहेर पळाले. तुटलेली धार सोपानच्या भुवईला चाटून गेली. बोटभर खाली असती तर डोळा होता. यशवंतराव आले. त्यांनी चकीचा आटा पाहिला, तुटकं पातं पाहिलं. "आवळली होती का नीट?" "व्हय साहेब." "मग सरकलं कसं?" सोपाननं भुवईवरचा हात काढला नाही. रक्त कोपरापर्यंत आलं होतं. तो जमिनीकडे बघत राहिला. हिंदुराव पाच पावलांवर होता, हातात सरसाची कुंचली. आधी तो एक पाऊल मागं सरला, आणि लगेच ओळखीचा तिरस्कार वर आला: ह्याला कळलंसुद्धा नाही! तीन वर्षं यंत्र चालवतो, दुसऱ्याला अक्कल शिकवतो, आणि आपलं पातं का सरकलं ते ह्या मूर्खाला सांगता येत नाही. ह्या विचारानं त्याला मोठा आधार दिला. आठ दिवस तो त्याच आधारावर जेवला, झोपला.

आता शेडमध्ये कुणी नव्हतं. बाहेरून मालगाडी गेली आणि पत्रे थरथरले. हिंदुरावानं सदऱ्याचं टोक हातात घेतलं आणि पहिली दांडी पुसली. मग दुसरी. तेल सुकून चिवट झालं होतं, तेव्हा बाटलीतलं थोडं रॉकेल लावून त्यानं घासलं. अकरा दांड्या पुसून होईपर्यंत सदऱ्याचं टोक गुलाबी झालं. काम चांगलं झालं होतं. काम त्याच्या हातून वाईट होतच नसे. पाती चमकत होती. शिल्लक राहिलेलं पाव इंचाचं पातं त्यानं यंत्रापाशी नेलं आणि तो उभा राहिला. दांडी किती आत घालायची, त्याला माहीत नव्हतं. फळी कुठल्या बाजूनं सरकवायची, माहीत नव्हतं. तीन वर्षं तो ह्या यंत्राच्या भोवती फिरला होता, पण शिकायला नव्हे. सोमवारी आठला भोंगा होणार आणि सगळी शेड त्याच्या हातांकडे बघणार. ती करवतीवरची पोरं. पातं रुमालात गुंडाळून त्यानं खिशात घातलं.

सुभद्राबाईनं सदरा धुवायला घेतला तेव्हा त्याचं टोक पाहून ती थांबली. चिंचवडगावातल्या त्यांच्या खोलीत दोन माणसांना वळायला जागा नव्हती. न बोललेलं काही लपत नसे. "माझंच कुंकू हाय न्हवं ह्ये?" ती म्हणाली. त्यानं पाट ओढून घेतला. तिला सगळं माहीत होतं, पहिल्याच दिवशी त्यानं हसत हसत सांगितलं होतं, त्या शहाण्याचं पातं कसं सरकलं ते. तेव्हा ती हसली नव्हती. तिनं ताट वाढलं. "त्या लेकराबाळाच्या मानसाची भाकर गेली," ती भाकरी ठेवत म्हणाली, "आन तुमी हितं बसून जेवा." "मग काय उपाशी मरू?" "मरू नगा. जाऊन सांगा." तो तिच्यावर ओरडला नाही, ह्याचं तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं. बाई हुशार नव्हती, तिला अक्षर येत नव्हतं, डाळीत मीठ कधी बरोबर पडलं नव्हतं. आणि तिच्यासमोर मान वर करणं त्या संध्याकाळी त्याला जमेना.

रविवारी नाशिक फाट्यावर त्यानं एस.टी. पकडली. सांगायला निघालोय, असं त्यानं सुभद्राबाईला म्हटलं होतं आणि गाडी भोसरी सोडेपर्यंत ते खरं होतं. त्यानं शब्दही जुळवले होते. सोपानराव, चूक माझ्या हातनं झाली, उद्या साहेबाला सांगतो. पण शेजारी बसलेल्या बाईच्या टोपलीतली कोंबडी सारखी त्याच्या मांडीला चोच मारायची, समोरचा माणूस अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा कांद्याच्या भावावर बोलायचा, आणि ह्या सगळ्या शेतकऱ्यांच्या घोळक्यात बसून हिंदुरावाचे शब्द एकेक करून गळत गेले. ह्यांच्यापुढे हात जोडायचे? खळ्याच्या कडेला पुन्हा उभं राहायचं? चाकणला तो उतरला आणि तळेगावच्या कच्च्या रस्त्यानं चालू लागला. दोन्ही अंगाला काढलेल्या बाजरीची रानं, कुठं ज्वारीच्या पेरणीची औतं. एक औत रस्त्याच्या कडेलाच चाललं होतं आणि त्याच्या नकळत त्याची नजर तिफणीच्या सांध्यावर गेली. भिकार काम. पाचर कडुलिंबाची, पावसात फुगलेली. असल्या सुताराला त्यानं दारात उभं केलं नसतं. चालता चालता खिशातलं पातं मांडीवर आपटत होतं. त्याला कळत होतं की हे पातं आपण बरोबर घेतलंय ते काही कबुली द्यायला घेतलेलं नाही.

सोपान घराच्या ओट्यावर बसून दोर वळत होता. भुवईवर काळी खपली. हिंदुरावाला पाहून तो उठला, घाईनं घोंगडी झटकून अंथरली. "मिस्त्री! या, या. पुतळा, पानी आन. च्या टाक." सोपानची बायको पुतळाबाई पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला आणि आत गेली, तिनं हिंदुरावाकडे पाहिलं नाही. ओट्याच्या खालच्या अंगाला दोन लहान पोरी कणसं सोलत होत्या. हिंदुराव मनातल्या मनात काहीतरी शोधत होता. ह्यानं रडावं. ह्यानं शिव्या द्याव्यात, साहेबाच्या पाया पडतो म्हणावं, मध्ये बोला म्हणून गळ घालावी. म्हणजे ह्याला तुच्छ लेखता येईल, आणि एकदा तुच्छ लेखलं की मग कदाचित खरं सांगणंही जमेल. सोपाननं विचारलं ते एवढंच, "वाटंत लई ऊन लागलं आसंल?" मग थोड्या वेळानं, दोर हातात घेत, "यंत्रावर कोन आता?"

"मी," हिंदुराव म्हणाला. "सोमवारपासनं."

सोपानचा हात थांबला. मग तो पुन्हा दोर वळायला लागला. "बरं झालं," तो म्हणाला. "दुसरा कोन आसता तर लाकडाची वाट लावली आसती." आणि हे तो मनापासून बोलत होता. तिरकस बोलणं असतं तर हिंदुरावाला ते लांबूनच कळलं असतं, त्या बाबतीत त्याचा कान तयार होता. इथं काही नव्हतं. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि सोडला. पातं बघताच सोपानचा चेहरा बदलला, दूर गावी गेलेलं घरचं जनावर दिसावं तसा. त्यानं दोर खाली टाकला, हात धोतराला पुसले आणि पातं घेतलं.

"आधी ह्ये बघा," तो म्हणाला. "दांडी चकीच्या बुडाला टेकू द्याची न्हाई. आत घालायची, आन मंग गव्हाभर वर वडून घ्याची. बुडाला टेकली तर आवळल्यासारखं वाटतं, खरं आवळत न्हाई. फळी फिरत्या धारेच्या समोर न्याची, धार पळती तिकडं न्याची न्हाई, हातातनं हिसकून न्हेती. आन येकाच दमात लई खोल जायचं न्हाई. पातं जेवढं जाड, त्येच्यापरीस खोल कंदीच न्हाई. दोन येळा जायाचं. मधी थांबायचं तर बिलकूल न्हाई, थांबलं की लाकूड जळतं." बोलता बोलता त्याचा अंगठा दांडीवरून फिरत होता, सवयीनं. आणि तो थांबला. दांडी त्यानं उजेडाला धरली. पुन्हा अंगठा फिरवला. कोरडी, स्वच्छ दांडी. त्यानं हिंदुरावाकडे पाहिलं.

"पुसली?"

"व्हय," हिंदुराव म्हणाला. "काल."

आतून चुलीवर लाकूड फुटल्याचा आवाज आला. पोरी कुठल्याशा कणसावरून भांडत होत्या. "बरं केलं," सोपान म्हणाला. "मला न्हाई जमलं. त्या दिवशी सकाळच्याला फडकं घेतलं व्हतं हातात. खरं पूजेचं कुंकू, तुमच्या हातचं. तुमी वडीलधारं. कुंकू कसं पुसायचं, मिस्त्री? म्हनलं, दोन दिस ऱ्हाऊ द्या, जरा जास्ती आवळू. लई आवळलं." तो किंचित हसला. "साहेबानं इचारलं तवा काय सांगनार? पूजेमुळं झालं म्हनू? आन तुमी तितं हुबं. चार मानसांत तुमचं नाव कसं घ्याचं?"

तर ह्याला माहीत होतं. पहिल्या क्षणापासून माहीत होतं. रक्त गळत असताना, जमिनीकडे बघत हा माणूस हिंदुरावाची अब्रू सांभाळत होता. आपण ज्या आधारावर आठ दिवस जेवलो तो काढून घेतला गेला होता. खाली काही नव्हतं. त्याला आयुष्यात कुणाची इतकी लाज वाटली नव्हती, आणि इतका रागही आला नव्हता. ह्या माणसानं आपल्याला कुठं उभं केलं! आता बोलायचं होतं. एवढंच बोलायचं होतं की उद्या सकाळी भोंग्याच्या आधी मी साहेबाकडे जातो, तेल मी लावलं, तू परत ये. आठ-दहा शब्द. सोपान वाट बघत नव्हता, त्यानं काही मागितलं नव्हतं. पण दारामागं पुतळाबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. हिंदुरावानं तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांपुढं उद्याची शेड आली. ती हसणारी पोरं, कानावरची पेन्सिल, सरसाचं भांडं आणि त्या भांड्यापाशी परत जाऊन बसलेला आपण.

"आन येकधारी कवा लावायचं," त्यानं विचारलं, "दोनधारी कवा?"

सोपाननं त्याच्याकडे पाहिलं. मग सोपाननं पातं उलटं करून उजेडाला धरलं आणि सांगायला सुरुवात केली. घाईचं काम असलं, भुसा लवकर बाहेर पडायला पायजे असला, तर एकधारी. कडा दिसनार असल्या तर दोनधारी, आन जरा दमानं. प्लायवूडमधला सरस धार खातो, तिथं जुनं पातं लावा, नवं राखून ठेवा. होईल तेवढं आखूड पातं घ्या, लांब पातं थरथरतं. त्यानं सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. हिंदुराव ऐकत होता, मान हलवत होता, आणि एक गोष्ट नीट ध्यानात राहिली नाही म्हणून त्यानं ती पुन्हा विचारली.